शहर बसमधील इंजिनांची अदलाबदल : लंडनच्या ‘रूटमास्टर’च्या आधारे एक विवेचन

शहर बससेवा चालविणाऱ्या संस्थेच्या आगारात ‘नादुरुस्त’ म्हणून उभ्या असलेल्या काही गाड्यांचे दुखणे मोठे चमत्कारिक असते. भांडारात इंजिने असतात, परंतु ती दुसऱ्या मॉडेलची असतात. प्रस्तुत लेखात बसच्या निरनिराळ्या मॉडेलांतील इंजिनांमध्ये नेमका फरक कोठे असतो, ती एकमेकांच्या जागी केव्हा बसू शकतात आणि या सोयीचे मोल किती, याचे विवेचन लंडनच्या ‘रूटमास्टर’ या दुमजली बसच्या आधारे केले आहे. उदाहरण परदेशी असले तरी त्याची निवड सहेतुक आहे. एकाच मॉडेलने सुमारे अर्धशतक सेवा बजावली आणि त्या काळात निदान पाच उत्पादकांची इंजिने त्यात बसविली गेली, असा दाखला विरळाच.

केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहून एका इंजिनाच्या जागी दुसरे ठेवता येत नाही. शहर बस दर काही शे मीटरवर थांबते व पुन्हा सुटते; त्यामुळे कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क तिच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. समान शक्तीची दोन इंजिने ती शक्ती वेगवेगळ्या फेऱ्यांवर देत असतील, तर मागील आसाचे दातेप्रमाणही बदलावे लागते. याशिवाय इंजिन ज्या पायांवर टेकते त्यांची जागा, तेलटाकीची खोली, एक्झॉस्ट कोणत्या बाजूने निघतो ती दिशा, रेडिएटरची क्षमता, ब्रेकसाठी हवा दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनावर आहे की नाही आणि फ्लायव्हीलच्या कवचाचे माप गिअरबॉक्सशी जुळते की नाही, इतक्या बाबी पाहाव्या लागतात. यांपैकी एक जरी जुळली नाही, तरी काम एका पाळीवरून काही आठवड्यांवर जाते. तात्पर्य, अदलाबदल हा एकट्या इंजिनाचा गुण नसून इंजिन व गाडी यांच्यातील सांध्यांचा गुण आहे.

रूटमास्टरच्या रचनाकारांनी हे सांधेच आधी निश्चित केले. या बसला नेहमीची चासी नव्हती. ॲल्युमिनियमचे शरीर स्वतःच भार पेलत असे आणि त्याला पुढे व मागे दोन उपचौकटी जोडलेल्या असत. पुढच्या चौकटीवर इंजिन, सुकाणू व पुढील निलंबन; मागच्या चौकटीवर मागील आस. गिअरबॉक्स इंजिनाला थेट चिकटलेला नव्हता. तो शरीराच्या तळाशी स्वतंत्रपणे बसविलेला असून शाफ्टने इंजिनाशी जोडलेला होता. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण पुढील इतिहासात तिचा मोठा उपयोग झाला असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९५८ ते १९६८ या उत्पादनकाळात बहुसंख्य गाड्यांना एईसी कंपनीचे ९.६ लिटरचे, तर काहींना लेलँडचे ९.८ लिटरचे इंजिन देण्यात आले. दोन्हींची शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती ठेवलेली होती. चालकाला गाडी हाकताना मोठा फरक जाणवू नये, हा त्यातील व्यावहारिक लाभ.

या गाड्यांची मोठी दुरुस्ती दोन ठिकाणी होत असे. शरीरांचे काम ऑल्डनहॅम येथे, इंजिने व इतर यांत्रिक घटकांचे काम चिस्विक येथे. उतरविलेले इंजिन दुरुस्त होईपर्यंत गाडी थांबत नसे; तयार असलेले दुसरे इंजिन चढवून ती मार्गावर जाई. ऑल्डनहॅमला तर शरीरांचीही अशीच अदलाबदल होई. आत गेलेल्या क्रमांकाची गाडी त्याच क्रमांकाने बाहेर येई, पण शरीर बहुधा दुसऱ्याच गाडीचे असे. वाहनाची ‘ओळख’ म्हणजे नेमके काय, हा तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी हाती घ्यावा असा विषय आहे.

अशा राखीव इंजिनांची संख्या कशी ठरते, हे उदाहरणादाखल मांडू. ४८० गाड्या आहेत, प्रत्येक इंजिन ४८ महिन्यांनी उतरते आणि दुरुस्तीला एक महिना लागतो, असे गृहीत धरल्यास कोणत्याही वेळी सरासरी १० इंजिने कार्यशाळेत असतील. मात्र इंजिने कॅलेंडर पाहून बिघडत नाहीत. संख्याशास्त्रातील पॉयसाँ वितरणानुसार या १० चे प्रमाण विचलन सुमारे ३.२ येते, त्याच्या दुप्पट सावधगिरी धरली तर १६ राखीव इंजिने पुरतात. आता याच ४८० गाड्या परस्परांत न बसणाऱ्या पाच प्रकारच्या इंजिनांत समान विभागल्या, तर प्रत्येक प्रकाराची सरासरी २ आणि सावधगिरीसह गरज ५ होते. म्हणजे एकूण २५. गाड्या तेवढ्याच, दुरुस्तीही तेवढीच. तरी नऊ इंजिनांचे भांडवल जास्तीचे अडकते. सुटे भाग, हत्यारे व कारागिरांचे प्रशिक्षण यांचा हिशेब याव्यतिरिक्त.

लंडनला या गणिताचा प्रत्यय १९७० च्या दशकात आला. रूटमास्टरच्या जागी बाजारात तयार मिळणाऱ्या डेमलर फ्लीटलाइन गाड्या घेण्यात आल्या. त्यांत गार्डनर व लेलँड अशी दोन घराण्यांची इंजिने होती आणि शरीर उचलून दुसरीकडे बसविण्याच्या हिशेबाने त्यांची बांधणी झालेली नव्हती. ऑल्डनहॅमच्या पद्धतीशी त्यांचे जमले नाही. त्यांतील बऱ्याच गाड्या अल्प सेवेनंतर विकल्या गेल्या, १९८६ मध्ये ऑल्डनहॅमही बंद झाले. ज्यांच्या जागी त्या आल्या होत्या ते रूटमास्टर मात्र धावतच राहिले.

तोपर्यंत एईसीचा साउथॉल येथील कारखाना १९७९ मध्येच बंद झालेला होता. म्हणून १९९० च्या दशकात रूटमास्टरमध्ये कमिन्स, इव्हेको व काही ठिकाणी स्कॅनिया यांची इंजिने बसविण्यात आली. ही ‘अदलाबदल’ नव्हे, तर ‘पुनर्योजन’ होय. हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्यात जुने काढून नवे लावणे एवढेच असते, दुसऱ्यात नवे पाये, नवे जोड व पुन्हा चाचण्या लागतात. पुढे २००१ च्या सुमारास काही गाड्यांना युरो-२ मानकाचे कमिन्स इंजिन देताना त्यासोबत ॲलिसनचा गिअरबॉक्सही बदलावा लागला. नियमित मार्गांवरून रूटमास्टरची निवृत्ती ९ डिसेंबर २००५ रोजी झाली.

हाच भेद आपल्या कायद्यातही आढळतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार किमान दहा परिवहन वाहने असलेल्या मालकास, नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीविना इंजिन बदलण्याचा अधिकार राज्य शासन देऊ शकते. अट अशी की, इंजिन त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे असावे. चिस्विकची रीत या चौकटीत बसते, पुनर्योजन बसत नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकानंतर तर ‘त्याच प्रकारचे’ या शब्दांचा अर्थ आणखी आकसला आहे. इंधन अंतःक्षेपण सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, धुरातील काजळी अडविणारा गाळक व नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा संच हे सारे इंजिनासोबतच प्रमाणित झालेले असतात. ठोकळा सारखा असूनही नियंत्रकातील आज्ञावली वेगळी असेल, तर ते इंजिन त्या गाडीच्या उपयोगाचे नसते.

विद्युत बसमध्ये इंजिनाची जागा मोटर, इन्व्हर्टर व बॅटरी यांनी घेतली आहे. अशा कित्येक गाड्या परिवहन संस्था भाडेतत्त्वावर चालवितात आणि देखभाल पुरवठादाराकडे असते. तेथे कोणत्या मॉडेलचा संच कोणत्या गाडीला चालेल, राखीव संच किती ठेवायचे आणि ते कोणाच्या खर्चाने, हे कार्यशाळेचा अधीक्षक ठरवीत नाही. ते करार लिहितानाच लिहून घ्यावे लागते.