तळाच्या माशाला दोन कौलांचे घर पुरते

ओढ्याच्या उथळ पाण्यात गुडघाभर उतरून दगड उलटा केला की खालून काहीतरी सळकन पळते. कधी खेकडा, कधी बोटभर लांबीचा मिशाळ मासा. गुरे राखणाऱ्या पोरांना हे शिकवावे लागत नाही. मासा वरच्या पाण्यातला वेगळा आणि तळातला वेगळा, तळातल्याला दगडाखाली जागा लागते, हे त्यांना ठाऊक असते. पण तोच मासा काचेच्या टाकीत आला की ही साधी गोष्ट भले भले विसरतात आणि पैसे घालवून बसतात.

असाच एक प्रसंग घाटाखालच्या एका गावात पाहायला मिळाला. तिथल्या महिला बचत गटाने गोठ्याच्या पडवीत शोभेच्या माशांच्या चार टाक्या मांडल्या. प्रत्येक टाकी 3 फूट लांब, 1 फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे 100 लिटर पाण्याची. दोन टाक्यांत गप्पी आणि मोली सोडले. ते तरले आणि त्यांना पिल्लेही झाली. उरलेल्या दोन टाक्यांत तळाला राहणारे मासे होते, एकीत कोरिडोरास आणि दुसरीत पट्ट्यापट्ट्यांचे लोच. हे मासे महाग, म्हणून फायदा जास्त, असे विकणाऱ्याने सांगितले होते. पंधरा दिवसांत त्यातले निम्मे मेले. विकणाऱ्याने औषध दिले. औषध घातल्यावर आणखी मेले.

"सकाळी उठलं की एक तरी उताणा पडलेला असायचाच," गटाच्या अध्यक्ष काकू सांगत होत्या. "हप्ता तर फेडायचा होता. बायका मला तोंडावर काही बोलत नव्हत्या, पण मला कळत होतं."

शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या भोई आजोबांना बोलावले. जन्म नदीवर गेलेला माणूस. त्यांनी टाकीकडे पाहिले. खाली पांढरी टोकदार खडी, वर झगझगीत दिवा, मध्ये प्लॅस्टिकचा एक किल्ला, त्यालाही आत शिरायला वाट नाही. आजोबा एवढेच म्हणाले, "पोरी, ह्याला ना दगड, ना बीळ. ह्यानं बसायचं कुठं?"

मासा मरतो तो भीतीने

आजोबांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. तळातले बहुतेक मासे दिवसा लपून राहतात आणि तिन्हीसांजेनंतर चरायला निघतात. उघड्यावर राहिलेला मासा बगळ्याच्या किंवा मोठ्या माशाच्या तोंडी जातो, हे त्याच्या अंगात भिनलेले असते. टाकीत बगळा नाही हे त्याला कोण सांगणार? आडोसा मिळाला नाही की तो सारखा काचेला धडका देत फिरतो किंवा कोपऱ्यात निपचित पडतो. खाणे सुटते, अंगाचा रंग उतरतो. ताणाने प्रतिकारशक्ती कमी झाली की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि बुरशी लागायला वेळ लागत नाही. रोग आपल्याला दिसतो, पण त्याचे मूळ दिसत नाही.

त्यात लोचसारख्या माशांचे खवले अगदी बारीक असतात. त्यामुळे त्यांना औषध लवकर बाधते. वरच्या माशाला चालणारा पूर्ण डोस त्यांना सोसेलच असे नाही. बचत गटाच्या टाकीत नेमके हेच झाले असावे. आधी आडोसा नाही म्हणून मासा खचला आणि खचलेल्या माशावर औषधाचा मारा झाला.

आडोसा दिला तर मासे कायमचे दडून बसतील आणि गिऱ्हाइकाला दिसणार नाहीत, अशी शंका बहुतेकांना येते. अनुभव उलटा आहे. पळून जायला जागा जवळ आहे याची खात्री असली की मासा जास्त वेळ बाहेर फिरतो. घराचे दार उघडे असले की लेकरू अंगणात निर्धास्त खेळते, तसेच हे.

दुकानात जाऊ नका, परसात जा

या माशांसाठी दुकानात रंगीत गुहा, जहाजे, किल्ले मिळतात. चार टाक्यांना ते घ्यायचे म्हटले तर माशांपेक्षा त्यांचाच खर्च जास्त होतो. गावात त्याहून चांगला माल फुकट पडलेला असतो.

कौले : आपल्याकडे घरांवर पत्रा आणि स्लॅब आल्यापासून जुन्या कौलांचे ढीग घरोघरी लागलेले आहेत. कुंभाराचे नळीचे कौल तर या कामासाठीच घडवल्यासारखे आहे. पालथे घातले की कमानीचे घर तयार. मंगलोरी कौल मोठे असते, त्याचे तुकडे करून एकावर एक तिरके ठेवावेत. धारदार कडा दगडावर घासून बोथट कराव्यात. शेवाळ ब्रशने काढावे, कौल दोन दिवस पाण्यात भिजवावे आणि मगच वापरावे. रंग किंवा चुना लावलेले कौल घेऊ नये.

शाळेच्या किंवा चावडीच्या छपराची उतरवलेली कौले मात्र कुणी परस्पर उचलू नयेत. ती सरकारी मालमत्ता असते. तिच्या निर्लेखनाची आणि विल्हेवाटीची पद्धत ठरलेली आहे. ग्रामपंचायतीत विचारून, रीतसर परवानगीनेच ती घ्यावीत.

करवंट्या : नारळाची अर्धी करवंटी घ्यावी, कडेला दोन बोटे रुंदीचे दार कापावे आणि ती पालथी ठेवावी. आतले खोबरे आणि बाहेरच्या शेंड्या पूर्ण खरवडून काढाव्यात, नाहीतर त्या कुजून पाणी नासते. करवंटी उकळली की पाणी तांबूस होते. ते फेकून पुन्हा उकळावे. पाण्याला रंग येणे जवळजवळ थांबले की करवंटी तयार झाली.

मडकी : फुटके मडके आडवे ठेवून अर्धे वाळूत पुरावे. मडके कोरे, न रंगवलेले असावे. कच्ची माती पाणी शोषते, तशी इतरही पदार्थ शोषते. म्हणून लोणच्याचे, रॉकेलचे किंवा फवारणीच्या औषधासाठी वापरलेले मडके कितीही धुतले तरी टाकीत घालू नये. कुंडीच्या तळाचे भोक अर्धवट मोठे असेल तर मासा त्यात अडकून मरतो. असे भोक बुजवावे किंवा फोडून चांगले मोठे करावे.

पाइपचे तुकडे : पाइपलाइन टाकताना उरलेल्या पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत आणि कडा कानशीने घासाव्यात. लोचसाठी एक-दीड इंची आणि मोठ्या माशासाठी तीन-चार इंची पाइप घ्यावा. ठिबकमधून खत-औषध सोडण्यासाठी वापरलेला पाइप चालणार नाही. तांब्याची नळी तर चुकूनही वापरू नये. पाण्यात उतरलेले तांबे माशाला विषासारखे असते.

दगड : आपला काळा दगड उत्तम. पांढरट, चुनखडीचा दगड पाण्याचा जडपणा वाढवतो. दगड ओळखायचा तर त्यावर लिंबू पिळावे. बुडबुडे उठले तर तो बांधावरच ठेवावा. सिमेंटचा ताजा तुकडाही नको, त्यातला चुना पाण्यात उतरतो.

हिरवा बांबू आणि ओले लाकूड पाण्यात कुजते, म्हणून ते टाळलेले बरे.

मांडणीत चुका नकोत

पहिली गोष्ट तळाची. कोरिडोरास आणि लोच मिशांनी वाळू चाचपत खाणे शोधतात. टोकदार खडीने किंवा क्रशरच्या वाळूने त्यांच्या मिशा झिजतात आणि जखमा होतात. बारीक, गोलसर वाळू चाळून, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी. दोन बोटांचा थर पुरे. एका टाकीला घमेले-दोन घमेले वाळू लागते.

दुसरी गोष्ट, जड दगड आधी तळावर टेकवावा आणि मग भोवती वाळू पसरावी. वाळूवर दगड ठेवला तर मासे खालची वाळू उकरतात, दगड कलतो आणि मासा चिरडतो किंवा काच तडकते. दगडाखाली काचेवर थर्माकोलचा पातळ तुकडा ठेवला की भार सारखा वाटला जातो.

तिसरी गोष्ट संख्येची. जितके मासे आपली हद्द राखणारे, त्यापेक्षा एक तरी घर जास्त असावे. नाहीतर दांडगा मासा दुबळ्याला हुसकावतो. कोरिडोरास आणि लोच कळपाने राहतात. त्यांना निदान सहाच्या संख्येने ठेवावे. ते एकाच करवंटीत दाटीवाटीने बसलेले दिसले तरी काळजी नको. अंगाला अंग आणि पाठीला छप्पर लागले की लोचला बरे वाटते.

चौथी गोष्ट तोंडाची. घराचे तोंड काचेकडे ठेवावे, म्हणजे मासा आत असला तरी गिऱ्हाइकाला दिसतो. दिवा मंद असावा. बुडणारे खाणे संध्याकाळी, दिवा मालवायच्या सुमारास टाकावे. वरचे मासे आधीच पोटभर खाऊन जातात आणि खालच्याला काही उरत नाही, हे उपासमारीचे नेहमीचे कारण आहे.

पाचवी गोष्ट सफाईची. घराखाली विष्ठा आणि उरलेले खाणे साचते, त्यातून अमोनिया तयार होतो. आठवड्यातून एकदा नळीने तळ ओढून काढावा आणि चौथाई पाणी बदलावे. एका वेळी सगळी घरे उचलू नयेत. या आठवड्यात डावीकडची, पुढच्या आठवड्यात उजवीकडची. कौलावर जमलेला बुळबुळीत थर साबणाने धुऊ नये. पाणी शुद्ध राखणारे जिवाणू त्यातच असतात.

आणि नळाचे पाणी थेट घालू नये. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. माणसांसाठी ते आवश्यकच आहे, पण त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवून मग वापरावे. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने पावडर कोणत्या वेळी टाकतो एवढे जरी फळ्यावर लिहिले तरी गावातल्या मासेपालकांचे नुकसान टळेल.

पाइपचा दुहेरी फायदा

लोचच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो. घाबरला की तो काटा उभारतो आणि जाळीत गुंततो. ओढाताणीत मासा जखमी होतो. पाइपचे घर असेल तर जाळी लागतच नाही. मासा आत असताना दोन्ही तोंडांवर तळहात ठेवून पाइप उचलायचा आणि सरळ पिशवीत रिकामा करायचा.

ब्रिसलनोज नावाचा छोटा सकर मासा तर बिळातच अंडी घालतो. एका बाजूने बंद केलेला पाइप त्याला मिळाला की नर आत ठाण मांडतो. मादीने अंडी घातली की साधारण आठवडाभर तो कल्ल्यांजवळच्या परांनी पाणी हलवत त्यांची राखण करतो. म्हणजे इथे आडोसा हेच प्रजननाचे साधन झाले. विकत आणून विकण्यापेक्षा पिल्ले तयार करून विकण्यात खरी मिळकत आहे.

मोठा होणारा सकर मात्र जपून घ्यावा. तो दीड फुटापर्यंत वाढतो, टाकीत मावत नाही आणि मग लोक त्याला तळ्यात सोडून देतात. उजनीच्या पाण्यात हा परका मासा पसरला असून मच्छीमारांच्या जाळ्यांना तो ताप झाला आहे. काठात बिळे पाडायची त्याला सवय असते, म्हणजे शेततळ्याच्या आणि पाझर तलावाच्या बांधालाही धोका. टाकीतला कोणताही मासा ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात सोडू नये, हा नियम प्रत्येकाने पाळलाच पाहिजे.

ओढ्यातली घरेही राखा

पट्ट्यापट्ट्यांचा जो लोच दुकानात झेब्रा लोच म्हणून विकला जातो, तो परदेशी नाही. तो आपल्या सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांचा आहे. शास्त्रज्ञांनी 1920 साली त्याची प्रथम नोंद केली. आज जागतिक पातळीवरच्या यादीत तो संकटग्रस्त म्हणून गणला जातो. पाणी घाण झाले, वाळू उपसली गेली, आणि शोभेच्या बाजारासाठी ओढ्यातून पकडही झाली. टाकीत दगड नसला की जे होते, तेच वाळू आणि गोटे काढून नेलेल्या नदीत होते. तळाचा मासा बेघर होतो.

म्हणून ओढ्यातून पकडलेला मासा विकत घेऊ नये, हौसेखातर पकडूही नये. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अनेक ठिकाणी ही वही कपाटात पडून असते. आपल्या ओढ्यात कोणते मासे कोणत्या डोहात आहेत हे भोई, कातकरी आणि गुराखी मंडळींना विचारून तिच्यात लिहिले, तर वाळूचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा गावाच्या हाती काहीतरी लेखी असेल.

योजनेची चौकशी

केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत, जी 2020 साली सुरू झाली, परसातील शोभेच्या माशांच्या छोट्या युनिटसाठी 3 लाख रुपये खर्च धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अर्थसाहाय्य ठेवले होते. चालू वर्षी काय उपलब्ध आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात करावी. मात्र अनुदान मिळेल म्हणून एकदम दहा टाक्या मांडू नयेत. एका टाकीत सहा मासे सहा महिने जगवून दाखवावेत आणि मग पुढे जावे.

त्या बचत गटाच्या टाक्यांत आता खडीच्या जागी वाळू आहे, कौलाचे तुकडे आहेत आणि करवंट्या आहेत. किल्ला काढून काकूंच्या नातवाला खेळायला दिला. मेलेले मासे काही परत आले नाहीत, आणि हप्त्यातले दोन महिने बायकांनी शेळीच्या पैशातून भरले. पण उरलेल्या लोचांचे पट्टे पुन्हा काळेभोर झाले आहेत. आम्ही गेलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. काकूंनी खाणे टाकले. आधी एका करवंटीच्या दारात मिशा दिसल्या, मग पलीकडच्या कौलाखालून दुसरा आला, मग तिसरा.

"बघा," काकू म्हणाल्या, "घर दिलं तेव्हा कुठं बाहेर यायला लागलं."