चाक, आवा आणि शिल्प

शिल्प म्हटले की ठाणे-कल्याणच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी गणपती उभा राहतो, आणि त्याच्या खालोखाल चौकातला पुतळा. गणपती शाडूचा, न भाजलेला, पाण्यात विरघळावा म्हणूनच घडवलेला. पुतळा धातूचा, पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून ओतलेला. या दोहोंच्या मधे भाजलेल्या मातीचे शिल्प असते, आणि त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ते घडवणारा एक मोठा कलावंत आपल्याच जिल्ह्यात, घोडबंदरच्या रस्त्याने खाडी ओलांडायच्या अलीकडे, भाईंदरला काम करीत आला आहे, हे किती जणांस ठाऊक असेल?

श्री. ब्रह्मदेव राम पंडित हे त्यांचे नाव. आडनावावरून आपल्याला एखादे शास्त्रीबुवा वाटतील; पण बिहारात हे आडनाव कुंभारांमध्ये सर्रास आढळते. नवादा जिल्ह्यातल्या कुंभाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. जवळच सोखोदेवरा येथे जयप्रकाश नारायण यांनी आश्रम उभारला होता. तेथून या मुलाला वाट फुटली, ती थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीस. कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघामुळे मातीकामासाठी नावाजलेले हे गाव. तेथे शिकून ते मुंबईकडे आले आणि पुढे भाईंदरला त्यांनी आपली भट्टी मांडली. २०१३ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली.

आता कोणी विचारील, जो मुलगा चाकाच्या घरघरीतच वाढला, त्याला भद्रावतीला जाऊन शिकायचे ते काय उरले होते? उत्तर एका शब्दात द्यायचे तर, विस्तव.

आपला कुंभार आवा लावतो. मडकी रचून त्यांवर गोवऱ्या, पाचोळा, लाकूड घालून ती भाजतो. ही आच साधारण सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तेवढ्याने माती घट्ट होते, पण तिच्यातली बारीक छिद्रे बुजत नाहीत. माठातले पाणी गार होते ते याच छिद्रांच्या कृपेने. पाणी झिरपते, बाहेर उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. तेव्हा कमी आच हे कुंभाराचे अज्ञान नव्हे, ते त्याच्या वस्तूचे मर्म आहे. आपल्या घरातली लोणच्याची बरणी मात्र निराळ्या जातीची. तिला इंग्रज लोक स्टोनवेअर म्हणतात. तिची माती बाराशे ते तेराशे अंशांपर्यंत तापवावी लागते. तेव्हा ती अर्धवट वितळून दगडासारखी एकजीव होते, आणि मग मीठ, तेल, खार, काहीही तिच्यातून पाझरत नाही.

पंडितांनी हात घातला तो या दुसऱ्या विस्तवाला. हा विस्तव मोठा लहरी. ओला घडा वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसतो. भिंत कोठे जाड, कोठे पातळ राहिली की तडा गेलाच. मातीत ओल कोंडली असेल तर तिची वाफ होऊन काम फुटते. म्हणून भाजायचे शिल्प आतून पोकळ ठेवावे लागते. शाडूच्या गणपतीला ही चिंता नाही. आणि वरच्या झिलईची तर कथाच न्यारी! तांब्याचा अंश असलेली एकच झिलई भट्टीत भरपूर हवा खेळली तर हिरवी उतरते, आणि हवा कोंडून धूर केला तर रक्तासारखी लाल. लोहाचेही तसेच, एकदा पिंगट, एकदा शेवाळी. चित्रकाराला रंग लावतानाच दिसतो. कुंभाराला तो भट्टी उघडल्यावर दिसतो, आणि तोपर्यंत दुरुस्तीची वेळ टळलेली असते.

पण ही झाली कारागिरी; हिला शिल्प कसे म्हणावे? हा वाद जगभर झाला आहे. १९२० साली इंग्लंडात सेंट आइव्हज येथे बर्नार्ड लीच आणि जपानचे शोजी हमादा यांनी भट्टी घातली, तेव्हा साध्या भांड्यालाही कलेचा मान आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जपानात लीचच्या वर्तुळात वावरून आलेल्या सरदार गुरुचरणसिंगांनी १९५२ साली दिल्लीस आपली पॉटरी काढली, तीही त्याच वळणाची. १९५४ पासून लॉस एंजेलिसमध्ये शिकवणाऱ्या पीटर व्होल्कोस यांनी मात्र चाकावरचे घडे कापले, चिरले, एकावर एक चढवले, आणि त्यांत पाणी भरण्याची सोयच ठेवली नाही. आपल्याकडच्या निर्मला पटवर्धन उलट वाटेने आल्या. शांतिनिकेतनात शिल्पकला शिकून त्या मातीकडे वळल्या, आणि पुढे कुंभारकामावर त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ कामकऱ्यांच्या हाताशी राहिला.

पंडितांची वाट व्होल्कोस यांची नव्हे. ते चाक सोडीत नाहीत, की घड्याची मोडतोड करीत नाहीत. मला स्वतःला ही वाट अधिक अवघड वाटते. घडा मोडून तो शिल्प आहे असे पटवणे त्या मानाने सोपे. न मोडता, पोट, मान आणि ओठ यांच्या नुसत्या प्रमाणाने पाहणाऱ्याला थांबवणे कठीण. ते प्रमाण त्यांना कोणत्या कलाशाळेने दिले नाही, ते पिढीजात हातात होते. आणि येथेच मन थोडे खट्टू होते. धारावीच्या कुंभारवाड्यात, सौराष्ट्रातून येऊन वसलेल्या कुंभारांच्या घरी, हाच हात पणत्या आणि माठ घडवतो. त्याची मोजदाद नगावर होते आणि घासाघीस रुपया-दोन रुपयांवर.

अशा कामाचे प्रदर्शन कोठे भरले आणि आपण गेलात, तर परवानगी घेऊन एखादे भांडे हळूच उलटे करून पाहा. तळाला झिलई नसते. असती तर ते भट्टीतल्या फळीला चिकटून बसले असते. तेथे मूळ मातीचा उघडा रंग दिसतो, आणि त्या उघड्या मातीत घडवणाऱ्याची सही किंवा शिक्का सापडतो. घरी आल्यावर आपला माठही उलटा करून पाहा. तेथे नाव नसते.