फटफटीची बैठक : रस्त्यावरची आणि मैदानावरची

जालना व भोकरदन यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील केदारखेडा हें गांव आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांनीं पाहिलें असेल. पूर्णेच्या खोऱ्यांतील ही काळी कसदार जमीन कापसाला आणि मक्याला मानवते, पण रस्त्यांना मुळींच मानवत नाहीं. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. आणि तिच्या पाठीवर अंथरलेला रस्ताहि तिच्याबरोबर वर-खालीं होत राहतो. अशा या गांवीं एका स्नेह्यांच्या वाड्यांत गेल्या वर्षीं आम्ही चार दिवस राहिलों होतों. त्या वेळीं जो प्रश्न त्या घरापुढें उभा होता, तो थोड्याफार फरकानें आज पुष्कळ घरांपुढें उभा असेल, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

घरांतील थोरला नातू वाळूजच्या एका कारखान्यांत इंजिनियर. स्वतःच्या पगारांतून त्यानें एक वेगवान मोटारसायकल घेतली होती. सप्टेंबर 2023 मध्यें दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटो-जीपीची जागतिक शर्यत झाली, ती त्यानें घरीं बसून डोळ्यांत तेल घालून पाहिली, आणि तेव्हांपासून आपलीहि गाडी एकदां खऱ्या ट्रॅकवर चालवावी या ध्यासानें त्याला घेरलें. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें 1990 सालीं तयार झालेला 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे. तेथें जाण्याची परवानगी तो मागत होता. आजींचा साफ नकार होता. "अरे, पडायला इतक्या लांब कशाला जायला हवें?" असें त्या म्हणत. आईच्या डोळ्यांना पाणी येई. वडील दोन्ही बाजूंचें ऐकून गप्प बसत.

आम्हांस विचारलें तेव्हां आम्हीं मुलाची बाजू घेतली, आणि त्याचें कारण सांगणें अवश्य आहे. 'ट्रॅक-डे' म्हणजे शर्यत नव्हे. तेथें पैज नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. आपलीच रस्त्यावरची गाडी घेऊन जावयाचें. ती तपासली जाते. आरसे काढून, दिव्यांच्या कांचांवर चिकटपट्टी लावून, अंगावर चामड्याचा पोषाख व डोक्यावर शिरस्त्राण चढवून, आपल्या वकुबाच्या लोकांबरोबर कांहीं मिनिटांच्या फेऱ्या मारावयाच्या. समोरून येणारा ट्रक नाहीं, आडवी येणारी म्हैस नाहीं, आणि वैद्यकीय मदत हाकेच्या अंतरावर. याच्या उलट, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें हा 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 189 व्या कलमान्वयें गुन्हा आहे. पण तो गुन्हा रोज संध्याकाळीं कोणत्याहि शहराबाहेर घडतांना दिसतो. तरुणाच्या अंगांतील वेगाची हौस दडपून मरत नाहीं. तिला मैदान दिलें नाहीं, तर ती रस्ता शोधते.

आजोबा निवृत्त गणित-शिक्षक. त्यांनीं शेवटीं निकाल दिला : "जा. पण तुझी गाडी त्या जागेला योग्य झाली आहे, हें मला मोजून दाखव. नुसतें 'मिस्त्रीनें शॉकअप टाइट केलें' हें मी ऐकून घेणार नाहीं."

हें वाक्य आम्हांस लाख मोलाचें वाटलें. कारण गाडीची बैठक, म्हणजे चाकें आणि चौकट यांमधील स्प्रिंग व तेलाची व्यवस्था, हा विषय बहुतेक जण अंदाजानेंच हाताळतात.

त्या व्यवस्थेचें मर्म वाड्यांतल्या झोपाळ्यावरूनच समजतें. झोपाळ्याला एक झोका द्या. तो आपणहून लौकर थांबत नाहीं, कारण त्याला आवर घालणारें कांहीं नसतें. नुसत्या स्प्रिंगचेंहि असेंच आहे. खड्डा आला कीं ती दबते, खड्डा गेला तरी डुलत राहते, आणि त्या डुलण्यांत चाकाची जमिनीवरील पकड कमी-जास्त होते. म्हणून स्प्रिंगच्या जोडीला तेल दिलेलें असतें. बारीक छिद्रांतून तेल ढकलावें लागलें म्हणजे पिचकारीप्रमाणें विरोध होतो आणि हालचाल मंदावते. अशा तेलाच्या आवराची दुर्बिणीसारखी सरकणारी पुढची जोडी नेहमींच्या विक्रीच्या गाडीवर प्रथम आणली ती जर्मनींतील बीएमडब्ल्यू कंपनीनें, 1935 सालच्या आर 12 या गाडीवर. आज आपल्या दारांतील साध्या फटफटीलाहि तीच रचना आहे.

आतां रस्ता आणि ट्रॅक यांत फरक कोणता? कारखानदार गाडी बनवतो ती एकट्या स्वारासाठीं नव्हे. मागें कुटुंब बसेल, टाकीवर पिशवी येईल, वाटेंत खड्डे व गतिरोधक लागतील, हें सारें धरून तो बैठक मऊ ठेवतो. ट्रॅकवर पृष्ठभाग सपाट असतो, स्वार एकटा असतो, पण ब्रेक दसपट निकरानें दाबला जातो आणि वळणांत गाडी खोल कलते. मऊ गाडी तेथें ब्रेक दाबतांच नाकावर बसते, आणि वेग देतांच शेपटीवर. मग वळण हातांत राहत नाहीं.

रविवारीं सकाळीं वाड्याच्या फरसबंद चौकांत मोजणी झाली. या कामाला तीन माणसें लागतात, आणि एकत्र कुटुंबांत त्यांची वाण नसते. नातू सर्व पोषाख चढवून गाडीवर बसला, कारण मोजावयाचें असतें तें पोषाखासह वजन. काकांनीं हँडल धरून गाडी उभी ठेवली. वडिलांनीं टेप धरला, आणि आजोबा वही घेऊन ओट्यावर बसले. प्रथम गाडी उचलून मागचें चाक अधांतरीं केलें, आणि आंसापासून शेपटीवर केलेल्या खुणेपर्यंतचें अंतर घेतलें : 640 मिलिमीटर. मग नातू बसला. गाडी खालीं दाबून हळूंच वर येऊं दिली : 592. पुन्हा थोडी वर उचलून हळूंच खालीं बसूं दिली : 600. हे दोन आंकडे वेगळे येतात ते आंतील घर्षणामुळें. म्हणून दोहोंची सरासरी धरावयाची, 596. म्हणजे स्वार बसल्यावर गाडी 44 मिलिमीटर बसली. रस्त्याला तें ठीक. ट्रॅकसाठीं साधारण 30 ते 35 मिलिमीटर असावें असा जाणत्यांचा परिपाठ आहे.

मागच्या स्प्रिंगवरील कडें आंकडी-पान्ह्यानें फिरवून तिच्यावरचा आगाऊ ताण वाढवला, आणि पुन्हा मोजलें तेव्हां 33 आले. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ताण वाढवल्यानें सरळ वळशांची स्प्रिंग कडक होते असें पुष्कळांस वाटतें, तसें नाहीं. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेंत व वेटोळ्यांत असतो. ताणानें बदलते ती गाडीची उंची, म्हणजे खालीं दबण्यास आणि वर येण्यास किती किती जागा उरते ती वांटणी.

मग स्प्रिंग स्वाराच्या वजनास जुळते कीं नाहीं, हें कसें ओळखावें? त्यासाठीं आजोबांनीं नातवास उतरावयास लावून रिकाम्या गाडीचें बसणें मोजवलें. तें 9 मिलिमीटर भरलें. स्वारासह माप बरोबर असून रिकामी गाडी मुळींच बसत नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि आपण तिला ताणानें ओढूनताणून उभी केली आहे असें समजावें. रिकामी गाडीच फार बसत असेल, तर स्प्रिंग वजनाच्या मानानें कडक आहे. मागच्या बाजूस 5 ते 15 च्या दरम्यान आलें म्हणजे स्प्रिंग बदलावयास नको. आजोबा म्हणाले, "हा त्रैराशिकाहून सोपा ताळा आहे." पुढच्या बाजूचीहि याच रीतीनें मोजणी केली.

यानंतर तेलाचे स्क्रू. यांत दोन प्रकार : एक स्प्रिंग दबतांना आवर घालतो, दुसरा ती परत येतांना. प्रत्येक स्क्रू आधीं घड्याळाच्या दिशेनें अलगद पूर्ण बंद करावा, आणि तो बंद होईपर्यंत किती खटके वाजले तें लिहून ठेवावें. तोच आपला मूळ आंकडा. जोर मुळींच लावूं नये, आंतील सुई बिघडते. परत येण्याची परीक्षा साधी आहे : गाडीची शेपटी जोरानें दाबून सोडावी. ती उसळून पुन्हा खालीं-वर झाली, तर आवर कमी. आळसावल्यासारखी रेंगाळत वर आली, तर जास्त. एकदां वर येऊन थांबली, तर योग्य. हा आवर फार वाढवला, तर एका उंचवट्यानंतर दुसरा येईपर्यंत चाक पुरतें खालीं आलेलें नसतें, आणि लागोपाठच्या उंचवट्यांनीं गाडी दबत दबत शेवटीं दगडासारखी होते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

दबण्याच्या आवराची परीक्षा मात्र चौकांत होत नाहीं, ट्रॅकवरच होते. त्यासाठीं पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर एक केबल-टाय सैलसा बांधतात. फेरी संपल्यावर तो जेथें सरकून थांबला असेल, तेथवर शॉकअप दबला होता. शेवटास थोडी जागा राहिलेली असावी. टाय अगदीं टोकास भिडला असेल, तर आवर किंवा स्प्रिंग अपुरी आहे. टायरांतील हवाहि फेरीवरून येतांच, टायर गरम असतांना मोजतात, कारण तापल्यानें दाब वाढतो. आणि सर्वांत मोठा नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कळत नाहीं. वैद्यानें एकदम चार औषधें दिलीं म्हणजे जें होतें, तेंच येथेंहि होतें.

कोणी म्हणेल, आमच्या साध्या गाडीस हे स्क्रू कोठें आहेत? खरें आहे, बहुतेक गाड्यांस मागच्या स्प्रिंगचा ताण बदलण्याच्या चार-पांच पायऱ्यांपलीकडे कांहीं नसतें. तेथें पुढच्या नळींतील तेल अधिक दाट घालणें, किंवा वजनाला साजेशी स्प्रिंग बसवणें, हे उपाय उरतात. पण दिवस पालटत आहेत. 2023 सालीं आलेल्या चाकणच्या ड्यूक 390 ला पुढें दबण्याचे व परतण्याचे पांच-पांच खटके दिलेले आहेत. आणि आमच्या मराठवाड्यास तर हें शास्त्र परकें मुळींच नाहीं : वाळूजला 1985 सालीं बजाजचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच वाळूजच्या एन्ड्युरन्स कंपनीचे शॉकअप देशभरच्या फटफट्यांना लागलेले असतात.

नातू चेन्नईस गेला आणि सुखरूप परतला. तेथें त्यानें तिसऱ्या फेरीनंतर परतण्याचा आवर दोन खटके वाढवला, केबल-टाय पाहून दबण्याचा एक खटका वाढवला, आणि गाडी वळणांत रुळावर असल्यासारखी चालूं लागली, असें त्यानें उत्साहानें लिहिलें होतें. घरांत आनंद झाला. येथेंच हकीकत संपली असती, तर हा लेख लिहिण्याचें कारण उरलें नसतें.

गाडी ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून जालन्यास आली, आणि नातू तिच्यावर बसून तिन्हीसांजेला केदारखेड्यास निघाला. एका लहान पुलाच्या तोंडाशीं भराव खचून पायरी पडली होती, आणि तिच्यापुढें ओळीनें तीन-चार उंचवटे होते. नेहमींचीच वाट, नेहमींचाच वेग. पण गाडीची बैठक ट्रॅकचीच राहिली होती. पहिल्या धक्क्यानें दबलेलें मागचें चाक वाढवलेल्या आवरामुळें वेळेवर खालीं आलें नाहीं. दुसऱ्यानें आणखी दबलें. तिसऱ्याला तें जमीन सोडून बाजूला फेकलें गेलें. नातू रस्त्याकडेच्या मातींत पडला. शिरस्त्राण होतें म्हणून डोकें वाचलें. मनगटाचें हाड मोडलें. ताशीं 100 किलोमीटरहून अधिक वेगानें ट्रॅकवर दिवसभर ज्याला कांहीं झालें नाहीं, तो घरच्या रस्त्यावर 40 च्या वेगानें पडला.

आजी त्या रात्रीं कांहींच बोलल्या नाहींत. आजोबांनीं वही मागितली, पानें चाळलीं, आणि शांतपणें म्हणाले, "चूक माझी आहे. मी तुला ट्रॅकचें पान लिहायला लावलें. रस्त्याचें पान लिहायला लावलें नाहीं."

दुसऱ्या दिवशीं वहींत समोरासमोर दोन पानें आंखलीं गेलीं : डाव्या पानावर 'रस्ता', उजव्यावर 'ट्रॅक'. दोन्हींवर तेच रकाने : मागचा ताण, परतण्याचे खटके, दबण्याचे खटके, टायरांतील हवा. मोडलेल्या मनगटामुळें नातवाला लिहितां येईना, म्हणून आंकडे लिहिले ते आईनें. खालीं आजोबांनीं नियम घातला कीं, ट्रॅकवरून गाडी ट्रकमध्यें चढण्यापूर्वीं डावें पान उघडून प्रत्येक स्क्रू मूळ आंकड्यावर आणावा, आणि तें झाल्याची सही करावी. पुन्हा जाण्याची परवानगी त्याला मिळाली आहे, आणि ती आजींनींच दिली, हें सांगण्यास आम्हांस संतोष वाटतो.

आमच्या वाचकांच्या घरांतूनहि आज ना उद्यां हा हट्ट निघेल. त्याला केवळ नकार देऊं नये, आणि केवळ होकारहि देऊं नये. टेप, पान्हा आणि वही घेऊन चौकांत बसावें. प्रत्येक जागेची बैठक निराळी असते; परतीचें पान मात्र निघण्यापूर्वींच लिहून ठेवावें.