२० बाजूंचा फासा, एक तलवार आणि मोठा जुगार: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला वार किती बसतो? समजून घ्या गणित

‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या पहिल्याच भागात तळघरात खेळायला बसलेला विल फासा टाकतो, ७ पडतात आणि डेमोगॉर्गन त्याला गाठतो. (जाता जाता: नियमपुस्तकानुसार आगीचा गोळा फेकणारा नव्हे, तर तो झेलणारा फासा टाकतो. मालिकेने आपली सोय पाहिली.) हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ पासून चालत आलेला. यात नशीब लागतेच, पण कोणता वार करायचा हे हिशेबाने ठरवता येते.

आधी वार लागतो का?

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला पाचव्या लेव्हलचा फायटर घेऊ. १८ ताकदीचे +४, प्रोफिशियन्सी बोनसचे +३, एकूण +७. २० बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात हे ७ मिळवायचे. बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी, म्हणजे एसीइतकी किंवा जास्त झाली, की वार लागला. एसी १५ असेल तर फाशावर किमान ८ हवेत. २० पैकी १३ आकडे चालतात, म्हणजे शक्यता ६५ टक्के. १ पडला तर वार हुकतोच. २० पडले तर लागतोच, शिवाय डॅमेजचे फासे दुप्पट.

मग किती लागतो?

दोन हातांनी धरायच्या ग्रेटस्वर्डला ल्युडोसारखे सहा बाजूंचे दोन फासे. त्यांची सरासरी ७, त्यात ताकदीचे ४, असे ११ डॅमेज. हुकणारे वार आणि २० चा बोनस धरून एसी १५ समोर प्रत्येक वाराला सरासरी साडेसात पडतात.

खरी गंमत ‘ग्रेट वेपन मास्टर’ या कौशल्याची. वार करण्याआधी जाहीर करायचे: फाशाच्या बेरजेतून ५ वजा, पण लागला तर डॅमेज १० ने जास्त. त्याच शत्रूसमोर शक्यता ६५ वरून ४० टक्क्यांवर घसरते, तरी सरासरी ८.७५ होते. सौदा फायद्याचा. एसी १७ पर्यंत तो थोडाफार परवडतो, १८ ला मात्र उलटतो: साध्या वाराला ५.८५, जोरदार वाराला ५.६.

शत्रूचा एसी डंजन मास्टर सहसा सांगत नाही. तो ताडावा लागतो. एकूण १६ वर वार हुकला आणि मित्राचा १८ वर लागला, तर एसी १७ किंवा १८. म्हणून इतरांच्या फाशांकडेही कान हवा.

सरासरीवरच विसंबणारे इथे फसतात. समोर साधा गॉब्लिन आहे, एसी १५, हिट पॉइंट ७. वरच्या हिशेबाने जोरदार वार योग्य. पण साधा वारही किमान ६ डॅमेज देतो, म्हणजे लागला की गॉब्लिन जवळजवळ नक्की संपला. साध्या वाराने तो मरण्याची शक्यता ६३ टक्के, जोरदार वाराने ४०. जास्तीचे १० डॅमेज मेलेल्याला मारण्यात जातात, आणि वार हुकला तर तोच गॉब्लिन पुढच्या पाळीत जखमी सोबत्यावर तुटून पडतो.

चित्र बदलते ते ‘ॲडव्हान्टेज’ मिळाल्यावर. शत्रू जमिनीवर पडलेला असेल आणि तुम्ही शेजारी असाल, तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. एसी १५ समोर जोरदार वाराचे ४० टक्के थेट ६४ होतात. त्यामुळे आधी सोबत्याने शत्रूला पाडायचे, मग तलवार चालवायची, ही जोडी लोकप्रिय आहे.

२०२४ च्या नव्या नियमपुस्तकाने हा सौदाच काढून टाकला. आता ५ वजा होत नाहीत आणि १० मिळतही नाहीत; जड शस्त्राच्या वाराला प्रोफिशियन्सी बोनसइतकेच जादा डॅमेज मिळते. तुमच्या टेबलावर कोणते पुस्तक चालते, हे पात्र बनवण्याआधीच विचारून घ्या.