सीतेची वेणी म्हणजे बांडगूळ नव्हे! झाडावरून खरवडण्याआधी हे वाचा

पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये जुन्या आंब्या-फणसाच्या फांदीवरून पांढऱ्या-जांभळ्या ठिपक्यांचे फुलांचे घोस लोंबताना तुम्ही पाहिले असतील. हीच सीतेची वेणी. कुणी हिला गजराही म्हणतं. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि कोकणात ही सहज दिसते. शास्त्रीय नाव ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा.

पण बरेच जण तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतात. इथंच चूक होते.

बांडगूळ फांदीच्या आत मुळं घुसवून झाडाचा रस शोषतं. सीतेची वेणी झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. तिची जाड, पांढरट मुळं सालीला बाहेरून चिकटतात, काही हवेत लोंबतात. मुळांवरचं स्पंजासारखं आवरण पाऊस आणि धुकं टिपून घेतं. अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते.

ओळखायचं कसं? बांडगुळाला लाकडासारख्या फांद्या असतात आणि जोडाजवळ गाठ दिसते. सीतेच्या वेणीची पानं पट्ट्यासारखी लांब, जाड आणि दोन ओळींत असतात.

नावाप्रमाणेच हे फूल केसांत माळायचं. आसामात याला कोपौ फूल म्हणतात. तिथं रोंगाली बिहूच्या नाचात बायका ते अंबाड्यात माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश, दोन्हींचं हे राज्यफूल आहे. काही भागांत सांधेदुखीवर याच्या पाना-मुळांचा वापर होत आला आहे. मात्र वैद्याला विचारल्याशिवाय घरी प्रयोग करू नका.

एकदा खरवडलेलं रोप लवकर परत येत नाही. याचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं लागतात. त्यात रस्त्याकडेची जुनी झाडं तुटली की त्यांच्यावरच्या वेण्याही जातात.

वादळात फांदी पडली तर रोप मातीत लावू नका, मुळं कुजतात. काथ्याने दुसऱ्या झाडाच्या खडबडीत सालीवर, थोड्या सावलीत बांधा. पावसाळ्यात मुळं आपोआप धरतात. राखीव जंगलातून मात्र परवानगीशिवाय रोप काढणं वन कायद्याने गुन्हा आहे.

फूल हवं असेल तर एखादा घोस घ्या, रोप राहू द्या. पुढच्या वर्षी वेणी पुन्हा फुलेल.