आधी कविता, मग डायजेस्ट!

अप्पा बळवंत चौकात सध्या एक चक्कर मारा. प्रत्येक काउंटरवर गर्दी आणि एकच घाई, 'काका, बारावी इंग्लिशचं डायजेस्ट द्या ना!' फिजिक्स, अकाउंट्सला वर्षभर क्लास आणि इंग्लिश मात्र 'आदल्या रात्री बघू', हे आपलं ठरलेलंच. गंमत म्हणजे बोर्डाची परीक्षा बहुतेक वेळा इंग्रजीच्याच पेपरने सुरू होते.

जरा गुणांचं गणित बघू. लेखी पेपर ८० गुणांचा. त्यात कवितांना १४ आणि कादंबरीला १६, म्हणजे ३० गुण तिथेच. डायजेस्टमधलं रसग्रहण पाठ करून त्यातले काही मिळतीलही. पण एक ओळ विसरली की पुढचं सगळं अडतं, कारण मूळ कविता आपण वाचलेलीच नसते.

दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' घ्या. चित्रे मराठीत लिहायचे तसेच इंग्रजीतही. तुकोबांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले आणि २००९ मध्ये आपल्या पुण्यातच त्यांचं निधन झालं. या कवितेवर सगळे एक शब्द हमखास लिहितात, 'एलिअनेशन'. पण तो येतो कुठून? रात्रीच्या लोकलने, भिजलेल्या कपड्यांत घरी येणारा बाप, पातळ चहा, शिळी पोळी आणि त्याच्याशी न बोलणारी मुलं. हे तपशील लक्षात राहिले, तर तो अवघड शब्द पाठ करावा लागत नाही. म्हणून कविता आधी दोनदा मोठ्याने वाचा. मग डोळ्यांसमोर राहिलेल्या तीन वस्तू लिहा. रसग्रहणाची सुरुवात तिथूनच होते.

कादंबरीचंही तसंच. ज्यूल व्हर्नच्या फिलियस फॉगने ८० दिवसांत जग फिरायची पैज लावली, हे सगळ्यांना माहीत असतं. हरलो असं वाटत असताना तो जिंकला कसा, इथे मात्र गाडी अडते. हे पाठ करू नका, भूगोल आठवा. पूर्वेकडे जाताना दर एका रेखांशाला ४ मिनिटं मिळतात. ३६० रेखांशांचे झाले १४४० मिनिटं, म्हणजे बरोब्बर एक दिवस! एकदा समजलं की विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही.

'द साइन ऑफ फोर'साठी वहीच्या एका पानावर नकाशा काढा, आग्रा, अंदमान, लंडन. खजिना कुठून निघाला, कोण कैदेत गेलं, कोण सूड घ्यायला आलं, ते बाणांनी दाखवा. 'टू सर, विथ लव्ह'मध्ये स्वभाव विचारला, तर नुसती विशेषणं नकोत. ब्रेथवेट सर 'पेशंट' होते असं लिहिलंत, तर पुढच्याच वाक्यात वर्गातला एक प्रसंग सांगा. ५० शब्दांच्या उत्तरात एक मुद्दा आणि एक प्रसंग पुरतो.

आता रिव्हिजन. पुस्तक बंद करा. जे आठवतं त्याच्या पाच ओळी लिहा, मग पुस्तक उघडून ताडून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. तोच धडा चार वेळा हायलाइट करण्यापेक्षा हे जड जातं, म्हणूनच लक्षात राहतं. अभ्यासिकेतून चहाला बाहेर पडलात की मित्राला गोष्ट मराठीत सांगा. तो मध्येच 'पण का?' म्हणाला आणि तुम्ही अडलात, की तेवढंच पुन्हा वाचायचं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर अजिबात दबून जाऊ नका. विचार मराठीत करा, उत्तर साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. डायजेस्ट फेकून द्या असं कुणी म्हणत नाही. ते दुसऱ्या नंबरला ठेवा, इतकंच. युवकभारती बालभारतीच्या वेबसाइटवर फुकट आहे, आणि चित्र्यांची ती कविता वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आज रात्री बाबा घरी यायच्या आधी वाचून बघा. आले की मोबाइल बाजूला ठेवून विचारा, 'आज उशीर झाला का हो?'