बालरोगचिकित्सेतील प्रतिजैविकांचा अनाठायी उपयोग

प्रतिजैविके जीवाणूंचा नाश करतात अथवा त्यांची वाढ रोखतात. विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. लहान मुलांचे पडसे, साधा खोकला आणि पाण्यासारखे जुलाब हे विकार बहुधा विषाणुजन्य असतात. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास हे ठाऊक असते. तरीही या विकारांत प्रतिजैविके सर्रास दिली जातात. तेव्हा केवळ अज्ञान हे या प्रथेचे कारण मानता येत नाही.

पहिले कारण निदानाच्या अनिश्चितीत आहे. मुलाचा घसा विषाणूमुळे सुजला की स्ट्रेप्टोकॉकसमुळे, हे नुसते पाहून निश्चित सांगता येत नाही आणि जंतुसंवर्धनाच्या निष्कर्षास एक-दोन दिवस लागतात. औषध न दिल्याने रोग बळावला, तर चिकित्सकाला तत्काळ दोष लागतो. अनावश्यक औषधाचा दोष मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. दुसरे कारण रोगाच्या स्वाभाविक गतीत आहे. पडसे बहुधा आठवडाभरात आपोआप ओसरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी औषध सुरू केले, की बरे होण्याचे श्रेय औषधाकडे जाते आणि पुढच्या वेळी तेच मागितले जाते.

ही मागणी तरी कितपत खरी असते? लॉस एंजेलिस येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. विषाणुजन्य वाटणाऱ्या आजारात, पालकांना प्रतिजैविक हवे आहे असे वाटल्यास डॉक्टरांनी ते ६२ टक्के वेळा दिले. तसे न वाटल्यास केवळ ७ टक्के वेळा. पालकांच्या प्रत्यक्ष अपेक्षेचा औषधयोजनेशी संबंध आढळला नाही. त्यांचे समाधान औषधापेक्षा डॉक्टरांनी केलेल्या विवरणावर अवलंबून होते.

अतिसाराचे उदाहरणही बोधप्रद आहे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने पटकीचे असंख्य रोगी वाचविले. बालकांच्या सामान्य जुलाबांत असे द्रावण आणि जस्त हेच मुख्य उपचार होत. प्रतिजैविकांची गरज रक्तमिश्रित आव किंवा पटकीची तीव्र लागण यांसारख्या प्रसंगीच असते. परंतु द्रावणाने जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून घरच्यांना तो उपचारच वाटत नाही.

या चुकीचे मोल बालकांनाच द्यावे लागते. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे नवजात अर्भके करडी पडून दगावतात, हे १९५९ साली उघड झाले. टेट्रासायक्लिनने वाढत्या वयातील दात कायमचे डागाळतात. त्याहून व्यापक हानी जीवाणूंच्या औषधरोधाची होय. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतील तीन रुग्णालयांत आजारी नवजातांपासून मिळालेल्या अॅसिनेटोबॅक्टरच्या २२२ नमुन्यांपैकी १८१ बहुऔषधरोधी ठरले. अशा अर्भकांसाठी उपयुक्त औषधे फार थोडी उरतात.

भारतात २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर एच-१ अनुसूचीचे निर्बंध आहेत. ते आवश्यकच आहेत. परंतु औषधयोजनेचा निर्णय तपासणीच्या खोलीत होतो. हा आजार किती दिवस चालेल, कोणती लक्षणे दिसताच परत यावे आणि आज औषध का नको, हे पालकांस स्पष्टपणे सांगणे हाही चिकित्सेचाच भाग होय. विद्यार्थ्यांच्या अध्ययनक्रमात त्यास औषधविज्ञानाइतकेच स्थान मिळाले पाहिजे.